हेडलाईटला पीपीएफ लावावी का? गाडी उघड्यावर उभी असते (घोडबंदर रोड)

घोडबंदरवाला
नमस्कार मंडळी, नवीन गाडी घेतलीय, पूर्ण एलईडी हेडलाईटवाली. सोसायटीत बिल्डिंगखालचं स्टिल्टचं पार्किंग सगळं आधीच वाटलेलं, मला ओपन मिळालंय आणि तेही पश्चिमेला तोंड करून, म्हणजे दुपारनंतर सूर्य मावळेपर्यंत ऊन थेट समोरच्या दिव्यांवर. रोजचं येणं-जाणं कासारवडवली ते महापे. घोडबंदरला मेट्रोच्या कामाची धूळ, पुढे विटावा ऐरोली करत ठाणे-बेलापूर रोडला लागलं की पुढ्यात डंपर नाहीतर कंटेनर असतोच.

शोरूमवाले म्हणतात बाकी गाडीचं राहू द्या, निदान हेडलाईटला पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, ती पारदर्शक चिकटणारी फिल्म लावून घ्या, साडेचार हजार सांगितलेत. ऑफिसातला एक जण म्हणतो अजिबात लावू नकोस, फिल्मच पिवळी पडते आणि आत गरमी कोंडून दिवा जातो. मेव्हण्याच्या जुन्या गाडीचे दिवे एवढे धुरकट झालेत की रात्री गायमुखच्या घाटात हाय बीम मारला तरी रस्त्याची कड दिसत नाही, ते बघून मला टेन्शन आलंय. बायको आणि आई दोघी गाडीत असतात, रात्री नीट दिसलं पाहिजे एवढंच माझं म्हणणं. तर लावावी का, कुठली लावावी, आणि ती हलकी काळी शेड मिळते ती छान दिसते, ती चालेल का?

वाशी_सेक्टर_सतरा
माझं मत, गरज नाही. माझी गाडी कायम कव्हर्ड पार्किंगला असते, आठ वर्षं होत आली, दिवे स्वच्छ आहेत. कंपनी हेडलाईटच्या प्लास्टिकवर आधीच कोटिंग देते, त्यावर परत खर्च कशाला. खडी लागून फुटलाच तर इन्शुरन्स आहे ना.

डिटेलिंगवाला_कोपरखैरणे
वाशीकर दादा, तुमची गाडी सावलीत असते म्हणून दिवे टिकलेत, यांची दिवसभर उन्हात तापणार आहे, दोन्ही केस एका मापाने मोजता येत नाहीत. हे माझं रोजचं काम आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हल्ली हेडलाईटची काच ही काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं. जुन्या मारुती ८०० ला, अ‍ॅम्बेसिडरला खरी काच होती, ती पिवळी पडायची नाही पण दगड लागला की तडा. पॉलिकार्बोनेट दणका भरपूर सोसतं, पण त्याला ओरखडे पटकन पडतात आणि उन्हातलं यूव्ही त्याला सोसत नाही. म्हणून फॅक्टरीत वरून एक हार्डकोट देतात, जाडी म्हणाल तर अगदी थोडे मायक्रॉन. तुमचं सगळं संरक्षण तेवढंच. ऊन, धूळ आणि वॉचमनने कोरड्या फडक्याने घासून घासून तो थर जिथे झिजतो तिथून पिवळेपणा सुरू होतो. नीट बघा, बहुतेक गाड्यांचा दिवा वरच्या बाजूने आधी पिवळा होतो, खालचा भाग बराच काळ बरा असतो, कारण ऊन वरून पडतं.

आता फिल्म. बाजारात दोन प्रकार आहेत आणि दोन्हीला दुकानदार पीपीएफच म्हणतो, सगळा घोळ इथे आहे. एक टीपीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. दुसरी पीव्हीसी, म्हणजे साधं विनाइल. तुमच्या ऑफिसातले मित्र जे सांगतायत ते पीव्हीसीबद्दल शंभर टक्के खरं आहे. ती आपल्या उन्हात एक-दोन वर्षांत पिवळी पडते, कडक होते, काढायला गेलं की तुकडे तुकडे होऊन निघते आणि डिंक दिव्यावरच राहतो, मग तो खरवडताना हार्डकोट जातो. म्हणजे वाचवायला गेलो आणि घालवून बसलो.

टीपीयू वेगळी. चांगल्या फिल्मची जाडी साधारण साडेसहा ते आठ मिल असते. मिल म्हणजे मिलिमीटर नव्हे, इंचाचा हजारावा भाग, आठ मिल म्हणजे जेमतेम २०० मायक्रॉन. बारीक खडीचा मार ती स्वतःवर घेते, हलके ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून येतात आणि यूव्ही अडवते. दुकानात गेलात की लहान तुकडा मागा, दोन्ही हातांनी ताणा आणि सोडा. टीपीयू हळूहळू मूळ आकारात येते, पीव्हीसी ताणलेलीच राहते, कडेला पांढरी पडते. मग त्याच तुकड्यावर पितळी ब्रश हलका फिरवा आणि गरम पाणी ओता, ओरखडे डोळ्यांदेखत जायला पाहिजेत. दुकानदार तुकडा द्यायला कां कूं करत असेल तर गाडी वळवा आणि निघा.

गरमीचं म्हणाल तर एलईडीमध्ये उष्णता मागे हीटसिंकला, म्हणजे गरमी बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला जाते, समोरचं कव्हर हॅलोजनइतकं तापत नाही. तरीही एकदा गाडीचं मॅन्युअल उघडून बघा, काही कंपन्या हेडलाईटवर काहीही चिकटवू नका असं स्पष्ट लिहितात, तसं असेल तर नका लावू. वॉरंटीच्या वेळी उगाच वाद नको.

आणि काळी शेड. कळकळीने सांगतो, विषय सोडून द्या. दिव्याचा उजेड कमी करायला पैसे देणार का तुम्ही? पावसात शिळफाट्याला रात्री जाऊन बघा, साध्या दिव्यानेही खड्डा उशिरा दिसतो. माझ्याकडे पोरं येतात दिवे स्मोक, म्हणजे काळे करून द्या म्हणून, मी करत नाही. ट्रॅफिकवाले अडवतात ते वेगळंच.

पनवेलची_ताई
मी लावलीय, क्लिअर टीपीयू, अनुभव लिहिते. माझं काम न्हावा शेवा साईडला, कळंबोलीपासून रोज ट्रेलरच्या मागे. या रस्त्याला सांडलेली खडी ट्रेलरच्या जोडचाकात अडकते आणि स्पीड घेतला की सुटते. मागच्या पावसाळ्यात डाव्या दिव्यावर असा एक दगड बसला, आवाज इतका मोठा आला की मला वाटलं काचच फुटली. बाजूला घेऊन बघितलं तर फिल्मवर नखाएवढी चंद्रकोर उमटलेली, तिथे फिल्म कापली गेली होती पण बोट फिरवलं तर खालचं प्लास्टिक गुळगुळीत. तेवढ्या दिव्याची फिल्म बदलून घेतली, काम झालं.

दादा, इन्शुरन्सचं एवढं सोपं नाहीये हो. साध्या पॉलिसीत प्लास्टिक पार्टवर ५० टक्के डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा कापतात, हेडलाईट त्यातच धरतात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी असेल तरी क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. पिवळा पडला म्हणून तर कोणीच क्लेम देत नाही, ती झीज धरतात. आणि आजकाल एलईडीला नुसती काच मिळत नाही, कंपनीत गेलात की अख्खी असेंब्ली बदला म्हणतात, त्याची किंमत एकदा तुमच्याच शोरूमच्या पार्ट काउंटरला विचारून बघा, मग साडेचार हजार जास्त की कमी ते तुम्हीच ठरवाल.

वाशी_सेक्टर_सतरा
ताई, ५० टक्क्यांचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात नव्हता. तरी मी म्हणेन की ज्यांची गाडी सावलीत आणि रनिंग कमी त्यांनी घाई करू नये. घोडबंदरवाल्यांची केस वेगळी आहे, उघड्यावर आणि रोज डंपरमागे, त्यांनी लावावी.

ठाणे_पूर्व_काका
मेव्हण्याच्या गाडीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. धुरकट दिव्यावर थेट फिल्म लावू देऊ नका त्यांना, पिवळेपणा आत तसाच बंद होईल. आधी रिस्टोअर करायला लागेल. ओल्या पॉलिश पेपरने ८०० नंबरपासून १०००, २०००, ३००० असं बारीक पेपरकडे चढत जायचं, मग कंपाऊंडने बफिंग. दिवा नव्यासारखा दिसतो आणि लोक खूश होऊन घरी जातात. पण घासताना उरलासुरला हार्डकोटही गेलेला असतो, आता प्लास्टिक उघडं आहे, काही महिन्यांत पुन्हा पिवळं. टूथपेस्ट लावून चमकवतात तेही तेच, चार दिवस बरं दिसतं. म्हणून माझ्या मते फिल्मची सगळ्यात जास्त गरज नव्या दिव्याला नाही, घासलेल्या दिव्याला आहे. बफिंग झालं की त्याच दिवशी यूव्ही कोटिंग किंवा टीपीयू, मोकळा ठेवायचा नाही. आणि धुरकटपणा आतल्या बाजूने असेल तर बाहेरून कितीही घासा, उपयोग शून्य.

घोडबंदरवाला
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी शोरूममध्येही सांगितलं नव्हतं. मॅन्युअल बघितलं, चिकटवू नका असं काही लिहिलेलं नाही. काळी शेड कॅन्सल. शोरूमला विचारलं टीपीयू का पीव्हीसी, तर तो म्हणाला सर इम्पोर्टेड आहे, म्हणजे उत्तर मिळालं. आता बाहेर लावतोय. डिटेलिंगवाले भाऊ, लावताना काय बघू आणि नंतर धुवायचं कधी? पावसात आत वाफ धरली तर ती फिल्ममुळे का?

डिटेलिंगवाला_कोपरखैरणे
लावताना तिथेच उभे राहा. आधी दिवा शाम्पूने धुऊन आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसला पाहिजे, धुळीचा एक कण राहिला तरी खाली फोड दिसतो. साबणाच्या पाण्यावर फिल्म सरकवून बसवतात आणि स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने पाणी काढतात. कटिंग दिव्यावर ब्लेड फिरवून करत असेल तर थांबवा, तुमच्या मॉडेलचा प्लॉटरने, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनने कापलेला पीस मागा, नाहीतर कडेला ब्लेडची रेघ कायमची राहते. वळणावर फार ताणून बसवली तर तिथून पुढे ती उचलते, म्हणून कोपरे हीट गनने शांतपणे बसवायला लावा, एक दिवा पंधरा मिनिटांत उरकत असेल तर काहीतरी गडबड आहे.

पहिले काही दिवस फिल्मखाली पाण्याचे बारीक थेंब, थोडा दुधाळपणा दिसेल, तो उन्हाने आपोआप जातो, सुई टोचू नका. आठवडाभर प्रेशर वॉश नको, नंतरही नोझल कडेवर जवळून मारू नका. वॉचमनला सांगा आधी पाणी मारायचं मग ओलं मायक्रोफायबर, कोरडं फडकं बंद.

वाफेचा आणि फिल्मचा संबंध नाही. दिव्याला मागे व्हेंट, म्हणजे हवा खेळायला भोकं असतात, पावसात पातळ वाफ धरते आणि दिवे लावून थोडं चालवलं की जाते. खाली पाणी साठलेलं दिसलं तर सील गेलंय, गाडी नवीन आहे, वॉरंटीत बदलून घ्या. आणि बिलावर फिल्मचं नाव, जाडी आणि टीपीयू हा शब्द लिहून घ्या, नुसतं पीपीएफ लिहिलेलं बिल घेऊ नका.