साशा स्टानिशिच वाचायचा आहे: 'हेरकुन्फ्ट'पासूनच सुरुवात करू का?

शाईचा_डाग

नमस्कार मंडळी. साशा स्टानिशिच हा बोस्नियात जन्मलेला, जर्मनमध्ये लिहिणारा लेखक मुळातून वाचायचा आहे. जर्मनची बी१ पातळी झालीय, बी२ चालू आहे. हाताशी 'हेरकुन्फ्ट' (२०१९) आहे.

अडचणी अशा: पुस्तकावर 'कादंबरी' असं कुठे छापलेलं नाही, पण याला मिळालेला जर्मन पुस्तक पुरस्कार तर कादंबरीलाच देतात. मग हे आत्मचरित्र समजून वाचायचं की कादंबरी? शेवटचा भाग सरळ वाचत गेलं तर काही संगतीच लागत नाही, मध्येच 'अमुक पानावर जा' म्हणतो. 'हेरकुन्फ्ट'आधी दुसरं एखादं पुस्तक वाचायला हवं का? शिवाय एकदोन प्रकरणं सरावासाठी मराठीत आणायची आहेत, तर शीर्षकापाशीच गाडी अडलीय. आणि आडनाव नक्की कसं म्हणायचं? 'श्टानिसिक'पासून 'स्टॅनिसिच'पर्यंत सगळं कानावर आलंय.

द्विभाषी

उच्चारापासून सुरू करू, ते सोपं आहे. साशा स्तानिशिच. जर्मनमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या 'स्ट'चा 'श्ट' होतो, म्हणून 'श्टानिशिच' म्हणायचा मोह होतो. पण नाव बोस्नियातलं आहे, तिथे 'स्त'च राहतो आणि तोही दंत्य, म्हणजे सरळ आपला 'त'. शेवटचा 'च' मात्र 'पाच'मधला नव्हे, 'चिखल'मधला. रोमन लिपीत अक्षरांच्या डोक्यावरच्या खुणा गाळल्या की त्याचं 'स्टानिसिक' होतं. या खुणांबद्दल त्याने 'हेरकुन्फ्ट'मध्येच लिहिलंय: त्या बघून सरकारी बाबू आणि घरमालक साशंक होत.

बी१वर 'हेरकुन्फ्ट' झेपेल. प्रकरणं छोटी आहेत, वाक्यंही बहुतेक आटोपशीर. अडायला होतं ते शब्दांपाशी नाही, काळाच्या उड्यांपाशी. पहिलं प्रकरण २०१८मध्ये, दुसरं २००८मध्ये, तिथून थेट त्याच्या जन्माच्या दिवसावर. म्हणून एक चिठ्ठी करून पुस्तकात ठेवा:

१९७८, ७ मार्च: जन्म, बोस्नियातलं द्रिना नदीकाठचं विशेग्राद. तेव्हा युगोस्लाव्हिया. आई बोस्नियाक मुस्लिम कुटुंबातली, वडील सर्ब.
१९९२: युद्ध पेटतं, आई आणि मुलगा हायडेलबर्गला पोचतात. वडील मागाहून येतात.
१९९८: आईवडिलांना जर्मनी सोडावी लागते, ते अमेरिकेत जातात. हा मागे राहतो.
२००८: नागरिकत्वाच्या अर्जासोबत हाताने लिहिलेला जीवनवृत्तान्त द्यायचा असतो.
२००९: आजीबरोबर ओस्कोरुशा या डोंगरातल्या खेड्याला भेट. तिथल्या दफनभूमीत जिकडेतिकडे याचंच आडनाव.
२०१८: आजी क्रिस्टिना, स्मृतिभ्रंश.

एवढी चिठ्ठी असली की कुठलंही प्रकरण उघडा, आपण कुठे आहोत ते दोन वाक्यांत कळतं.

१९९८चं कोडं बऱ्याच जणांना सुटत नाही: युद्ध तर १९९५च्या डेटन करारानंतर थांबलं, मग हे संकट आता कुठून आलं? युद्ध थांबलं म्हणूनच आलं. बोस्नियातून आलेल्या बहुसंख्य लोकांकडे कायमचा वास्तव्याचा हक्क नव्हता, 'डुल्डुंग' होतं. शब्दशः 'खपवून घेणं'. म्हणजे परवानगी नाही, फक्त हाकलून देणं तूर्त लांबणीवर. शांतता झाली की ते कारणच संपतं. भाषांतर करणार असाल तर याला 'निवास परवाना' म्हणू नका, सगळा अर्थ उलटा होतो.

पानगळ

कादंबरी की आत्मचरित्र, याचं उत्तर पहिल्या दोन प्रकरणांत आहे. ती शेजारी शेजारी ठेवून वाचा.

पहिल्यात आजी गच्चीतून खाली रस्त्यावर एक मुलगी बघते आणि तिला हाक मारते. ती मुलगी आजी स्वतःच आहे. लेखक सांगतो: आजी सत्त्याऐंशी वर्षांची आहे आणि अकरा वर्षांची आहे. दुसऱ्यात परदेशी नागरिक कार्यालयासाठी जीवनवृत्तान्त लिहायला बसतो. आधी तारखांचा तक्ता करतो, पण त्यात आपण कुठे आहोत हे त्याला दिसेना. मग नव्याने सुरुवात: जन्म द्रिनाकाठी, आणि त्याआधी कित्येक दिवस लागलेला पाऊस. कार्यालयाला पावसाशी काय देणंघेणं? पण ज्या अर्जात एकही गोष्ट बनवून सांगायची मुभा नाही, तिथेच हा गडी गोष्ट सांगायला लागतो. घटना खऱ्या, पण आठवणारा माणूस भरवशाचा नाही आणि तो ते लपवतही नाही. कल्पना, निरीक्षण आणि आठवण यांचं घडलेल्या गोष्टींशी घर्षण, अशी कथेची व्याख्याही पुस्तकात पुढे येते.

म्हणून एक चूक टाळा. 'हेरकुन्फ्ट' वाचून मागे पहिल्या कादंबरीकडे जायचं आणि 'हे खरं, हे खोटं' अशा खुणा करायच्या, हा उद्योग फसतो. २००६ची 'सैनिक ग्रामोफोन कसा दुरुस्त करतो' (शीर्षकाचा साधा अर्थ) हिचा निवेदक अलेक्सांदर विशेग्रादचाच, वयही जवळपास तेच. पण त्याचं कुटुंब एसेनला जातं, हायडेलबर्गला नाही. लेखकाने मुद्दाम अंतर ठेवलंय.

त्या कादंबरीची सुरुवात मात्र चुकवू नका. आजोबा स्लावको टीव्हीवर शंभर मीटरची शर्यत बघताना जातात. १९९१चं टोकियो, कार्ल लुईस, ९.८६ सेकंद. प्रकरणाचं नावच असं की हृदय बंद पडायला शंभर मीटरला किती वेळ लागतो. आजोबांनी दिलेली जादूची टोपी आणि छडी घेऊन पोरगा त्यांना परत आणायच्या खटपटीत, आणि ते जमत नाही तेव्हा ठरवतो की यापुढे कशाचाच शेवट होऊ द्यायचा नाही, सगळं अर्धवट ठेवायचं. पुढे युद्धाची प्रकरणं येतात तेव्हाही आवाज त्याच पोराचा राहतो, म्हणून ती जास्त बोचतात. मधल्या भागात पुस्तकातलं पुस्तक आहे, 'सगळं ठीक होतं तेव्हा' अशा अर्थाचं. तिथे वाचक हमखास गोंधळतात, कारण ते अलेक्सांदरने लिहिलेलं आहे. मुखपृष्ठासारखं पान दिसलं की समजा, आत शिरलो.

द्विभाषी

वरच्यात भर: विशेग्रादमध्ये १९९२ साली काय घडलं ते ढोबळमानाने माहीत असू द्या. बोस्नियाक रहिवाशांना मारलं, हुसकावलं, माणसं घरांत कोंडून जाळली. यातल्या गुन्ह्यांसाठी हेगच्या न्यायालयाने सर्ब निमलष्करी टोळीचा म्होरक्या मिलान लुकिचला २००९ साली जन्मठेप दिली. हे ठाऊक नसेल तर १४ ऑक्टोबर २०१९चं फ्रँकफर्टमधलं स्तानिशिचचं जर्मन पुस्तक पुरस्काराचं भाषण नुसता राग वाटतं. चारच दिवस आधी पेटर हांडके या सर्बियाची बाजू घेणाऱ्या ऑस्ट्रियन लेखकाला नोबेल जाहीर झालं होतं. हांडकेच्या सर्बियावरच्या लिखाणात जे येत नाही त्यातून आपण नशिबाने सुटलो, असं स्तानिशिच तिथे म्हणाला.

उलटसुलट

'आधी कोणतं' याला माझं उत्तर वेगळं. बी१ला सरळ 'वोल्फ' (२०२३) घ्या. मुलांची कादंबरी, जंगलातलं सुट्टीचं शिबिर, एका मुलाला बाकीचे छळतात आणि निवेदक केमी बघत राहतो. स्तानिशिचच्या तिरकस विनोदाची सवय होते आणि वाक्यं छोटी. २०२४चा जर्मन बालकुमार साहित्य पुरस्कार आहे तिला. 'फोर डेम फेस्ट' (२०१४) सर्वांत शेवटी ठेवा. त्यात जुन्या बखरीतल्या नोंदी आहेत, शेकडो वर्षांपूर्वीच्या जर्मनची नक्कल करून लेखकाने स्वतः रचलेल्या. शब्दकोशात सापडत नाहीत म्हणून लोक पुस्तक खाली ठेवतात. पहिल्या वाचनात त्या नोंदींचा नुसता सूर ऐका आणि पुढे चला.

एक तक्रारही. या धाग्यात कुणीतरी 'स्थलांतरितांचं साहित्य' म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो: तो खण त्याला मान्य नाही. २००८च्या एका निबंधात त्याने तीन गैरसमज मोडून काढलेत. स्थलांतरितांचं साहित्य हा वेगळा साहित्यप्रकार आहे, ते स्थलांतराबद्दलच असतं, आणि परकी भाषा वापरणारा लेखक त्या भाषेला आपोआप समृद्ध करतो. तिन्ही खोटे.

पानगळ

मान्य, पण खण होता आणि त्याचे फायदेही होते, हे विसरून चालणार नाही. रॉबर्ट बॉश प्रतिष्ठानचा शामिसो पुरस्कार १९८५पासून नेमका अशाच लेखकांसाठी होता. एमिने सेवगी ओझदामार (१९९९), फेरिदून झाइमोग्लू (२००५), स्तानिशिच (२००८), तेरेझिया मोरा (२०१०). २०१७नंतर तो बंद झाला.

आणि त्याने खण सोडला तर तेही खपलं नाही. 'फोर डेम फेस्ट' ब्रांडेनबुर्गमधल्या उकरमार्क भागातल्या एका काल्पनिक खेड्यात घडते, बोस्निया नाही, निर्वासित नाहीत. तिला लाइपझिग पुस्तक मेळ्याचं पारितोषिक मिळालं. पण त्याच सुमाराला लेखक माक्सिम बिलरने 'दी त्साइट' साप्ताहिकात टीका केली की बाहेरून आलेले लेखक जर्मनांच्या आवडीनिवडीला फार लवकर शरण जातात, आणि उदाहरण म्हणून याचं उकरमार्क घेतलं. बिलर स्वतः प्रागचा. बोस्नियावर लिहिलं तर 'हा त्याच्यावरच लिहिणार', नाही लिहिलं तर 'विकला गेला'. 'हेरकुन्फ्ट'मधला उपहास याच्या नंतरचा आहे, हे लक्षात ठेवून वाचलं की त्याची धार कळते. हायडेलबर्गचं 'डॉ. हाइमाट' हे प्रकरण बघा. 'हाइमाट' म्हणजे मायभूमी, आणि ते नाव दिलंय एका दंतवैद्याला. तो सगळ्यांच्या किडक्या दातांवर उपचार करतो: बोस्नियन कीड, सोमाली कीड, जर्मन कीड.

शाईचा_डाग

फार मदत झाली. चिठ्ठी केली. आता शेवटचा भाग आणि भाषांतर, यावर कुणी?

खोडरबर

शेवटचा भाग, 'द्राखनहोर्ट' म्हणजे ड्रॅगनचा खजिना: तो क्रमाने वाचायचाच नाही, तशी सूचना सुरुवातीलाच आहे. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पर्याय आणि पानांचे आकडे. तीन कागदी पट्ट्या घ्या. पहिली शेवटच्या फाट्यावर, दुसरी चालू पानावर, तिसरीवर निवडलेले आकडे उतरवत जा. वाट संपली की पहिल्या पट्टीपाशी परत. अनेक शेवट आहेत. एकच वाट वाचून 'अच्छा, असं झालं तर' म्हणत पुस्तक मिटू नका. आजीला निरोप द्यायची वेळ येते तिथे लेखकाला एका शेवटावर थांबायचं नाही, म्हणून ही रचना आहे. अलेक्सांदरचं अर्धवट ठेवणंच हे, तेरा वर्षांनी.

आता भाषांतरातले खड्डे.

शीर्षक. जर्मनमध्ये 'आनकुन्फ्ट' आगमन, 'त्सूकुन्फ्ट' भविष्य, आणि 'हेरकुन्फ्ट' म्हणजे जिकडून येणं झालं ते. तिन्हींत 'येणं' आहे. 'मूळ' म्हटलं की जमिनीत रुतलेलं काहीतरी होतं, आणि पुस्तक तर त्याच कल्पनेशी भांडतंय. 'कूळ' नकोच, त्याला जमिनीचा आणि जातीचा वास. 'उगम' बरा, द्रिना आहेच, पण काव्यात्म होतो. डेमियन सर्ल्सच्या इंग्रजी भाषांतराने शीर्षकात 'तुम्ही कुठून आलात' हा सूर धरलाय. मराठीत 'कुठचा?' एवढंच ठेवून बघा. प्रश्नचिन्हासकट.

'तू'. द्राखनहोर्टमध्ये सगळं द्वितीय पुरुषी. जर्मन क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे 'तू' म्हणजे साशाही आणि वाचणारी बाईही. मराठीत 'तू जातोस' लिहिलं की निम्मे वाचक बाहेर. तोड आहे: आज्ञार्थ (दार उघड, थांब), भविष्यकाळ (तू जाशील) आणि 'तुला दिसतं', 'तुला आठवतं' अशी रचना. तिन्हींत लिंग उघड होत नाही. फक्त साधा वर्तमानकाळ आणि 'तू गेलास'सारखा भूतकाळ टाळायचा. दोन पानं केलीत की हात बसतो.

'आम्ही' की 'आपण'. हे 'फोर डेम फेस्ट'साठी. तिथे अख्खं गाव 'वीर' (जर्मनमधलं प्रथमपुरुषी अनेकवचन) म्हणून बोलतं. नावाडी गेला, आता नावाडी नाही, असं दुःखाने सुरू होतं. जर्मनला 'आम्ही' आणि 'आपण' हा भेदच नाही. 'आम्ही' लिहिलंत तर वाचक पाहुणा, 'आपण' लिहिलंत तर गावकरी. मी 'आम्ही'च्या बाजूने: गाव स्वतःशी बोलतंय, आपल्याशी नाही.

'पोस्कोक' हा शब्द तसाच ठेवा. तो विषारी साप आहे, आणि लेखक म्हणतो की लहानपणची भीती या शब्दातच आहे, त्याचं जर्मन नाव ऐकून अंगावर काही येत नाही. मराठी नाव घातलंत तर पुस्तकातलं तेच वाक्य खोटं पडेल.

द्राखनहोर्ट कराल तेव्हा कच्च्या प्रतीत मूळ पानांचे आकडे उतरवू नका. प्रत्येक तुकड्याला क१, क२ अशी खूण द्या, 'क७वर जा' असं लिहा आणि पानं पक्की लागल्यावर एकदाच आकडे भरा. मधे एक परिच्छेद वाढला तरी सगळ्या उड्या चुकतात.

छापायचा विचार असेल तर हक्क लुख्टरहांड प्रकाशनाकडून घ्यावे लागतील. ग्योटे इन्स्टिट्यूटच्या भाषांतर अनुदानासाठी अर्ज प्रकाशकाने करायचा असतो, भाषांतरकाराने नाही. घरच्या सरावाला यातलं काही लागत नाही.

शाईचा_डाग

पहिलं प्रकरण घेतलंय. 'आजी सत्त्याऐंशी वर्षांची आहे आणि जणू अकरा वर्षांची आहे', जमतंय का?

खोडरबर

'जणू' काढा.