अनुभव धागा: मुंबई ते दुबई, घर ते घर किती वेळ?

मुंबई-दुबई सरळ रेषेत साधारण १,९३० किलोमीटर. विमान तीन-सव्वातीन तासांत नेतं. पण पहिल्यांदा निघालेल्याला एवढ्यावर काही ठरवता येत नाही. घराचा उंबरठा ओलांडल्यापासून तिथल्या खोलीवर बॅग टेकेपर्यंत तुम्हाला किती वेळ लागला आणि तो कुठे गेला, ते सविस्तर लिहा. जुने अनुभवही हवेत.

ठाण्याहून
आमचे आजोबा बोटीने गेले. ‘द्वारका’ नावाची बोट होती, मुंबईहून कराची, मस्कत करत आखातात जायची. डेकवर वळकटी पसरायची, जेवणाचा डबा घरचा. दिवसचे दिवस पाणीच पाणी. तेव्हा दुबईत आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी छापलेला वेगळा रुपया चालत असे, १९६६ पर्यंत. ती बोट १९८२ साली बंद झाली. घरात त्यांची पत्र्याची ट्रंक अजून आहे.

रत्नागिरीजवळच्या गावातून
आमच्याकडे घरटी एक माणूस तिकडे. पण आधी मुंबई गाठायची, तेच सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. पावसाळ्यात रस्त्याने आठ-दहा तास धरायचे. विमानाच्या तीन तास आधी साहरला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, हजर. संध्याकाळी गाव सोडलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी दुबईतलं देरा.

अब्बा गेले तेव्हा भाऊ दुबईशेजारच्या शारजात होता. रात्री फोन केला, मिळालं त्या पहिल्या विमानाने तो निघाला. सकाळी मुंबईत उतरलासुद्धा. पण पुढे घाट, पाऊस, अडकलेले ट्रक. आमच्यात मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. गावातल्या बुजुर्गांनी दुपारपर्यंत वाट पाहिली, त्यापुढे थांबणं बरं नव्हतं. भाऊ मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर, पोचला आणि थेट कब्रस्तानात गेला. दुबई जवळ आहे असं कुणी म्हटलं की मला तो दिवस आठवतो. आई-वडील थकलेले असतील तर थोडे पैसे आणि मुंबईतल्या एखाद्या गाडीवाल्याचा नंबर कायम तयार ठेवा.

दुबई, करामा
नव्यांसाठी घड्याळाचं सांगतो. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. पहाटे ४ ला सुटून ५.४५ ला पोचणारं विमान तिकिटावर पावणेदोन तासांचं दिसतं, प्रत्यक्षात सव्वातीन तास बसायचं असतं. परतताना उलट, तिकिटावर जास्त दिसतो. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, त्यामुळे भारतात येताना बऱ्याचदा विमान लवकर उतरतं. घरच्यांना कळवताना भारतातलीच वेळ सांगा, नाहीतर ती माणसं विमानतळावर ताटकळतात.

मेट्रोची रेड लाइन टर्मिनल १ आणि ३ ला थांबते, २ ला नाही. शिवाय ती रात्रभर चालत नाही. अपरात्री उतरणार असाल तर टॅक्सीचे दिरहम हाताशी असू द्या.

पुण्याहून
घर ते साहर चार तास धरतो, घाटात गर्दी असेल तर पाच. एक सांगायचं राहू नये म्हणून लिहिते: पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा) शिक्का असेल आणि कामाच्या व्हिसावर जात असाल, तर सरकारी मंजुरी हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. ती नसेल तर इमिग्रेशनच्या खिडकीवरूनच परत पाठवतात.