वाढीच्या वयातले गुडघे

अकरा वर्षांच्या मुलीला रोज पाच किलोमीटर पळवावं का, या प्रश्नाला एकाने ‘हळूहळू सवय होते’ असं उत्तर दिलंय. सवय होईलही, पण हाडांचं काय? या वयात हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा, म्हणजे जिथून हाड लांब होतं तो मऊ भाग, नाजूक असते. मुली साधारण अकरा-बाराव्या वर्षी, मुलगे तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्याने उंच होतात आणि तेव्हाच तक्रारी सुरू होतात. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ येतं, दाबलं की दुखतं, उडी मारली की जास्तच. याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. बाम चोळून पुन्हा ट्रॅकवर पाठवू नका. पळणं-उड्या कमी करा, आणि तरी दुखणं हटलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

मग करायचं काय? लंगडी, चेंडूफेक, रिले. खो-खोत खो मिळाल्यावर बसल्या जागेवरून उठून घेतलेली धाव म्हणजे स्टार्टचा फुकटातला सराव! व्यायामाने उंची खुंटते हा मात्र गैरसमज. जोर-बैठका नीट शिकवल्या तर खुशाल घाला. फेकीचे नियमसुद्धा वय बघतात: पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, १८ वर्षांखालच्या मुलांचा ५, मुलींचा ३ किलोचा.

राज्य पदकाची घाई असलेल्यांसाठी: आपला बीडचा धावपटू अविनाश साबळे स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) वळला तो लष्करात गेल्यावर.

दर तीन महिन्यांनी दारामागे उंचीची खूण करा. ती एकदम वर सरकली की सराव निम्म्यावर आणा.