‘खासगी’ आणि ‘गोपनीय’ : एकाच अर्थाचे दोन शब्द का?

मांजराकाठ :
आमच्याकडच्या आरोग्य केंद्रासाठी एक फलक लिहून द्यायचाय. आभा कार्ड (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचं) काढायला येणाऱ्यांनी वाचावा म्हणून. दिलेल्या मजकुरात ओळ आहे : ‘आपली माहिती खासगी व गोपनीय राहील.’ एकाच अर्थाचे दोन शब्द कशाला, म्हणून मी ‘खासगी व’ खोडलं. तिथं बाकावर बसलेल्या एका मावशींनी विचारलं, ‘‘गोपनीय म्हंजी तलाठ्याला बी दिसत नाही का मग?’’ मला उत्तर देता आलं नाही. खरंच फरक आहे का? आणि खाजगी लिहू की खासगी?

दप्तरदार :
खोडलंत ते परत लिहा. फरक मोठा आहे.

आधी लेखन : दोन्ही रूपं रूढ आहेत. मूळ अरबी ‘खास’, त्यामुळं ‘खासगी’ मुळाला जवळ. आता अर्थ. होळकरांच्या कारभारात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन वेगळे हिशेब असत. दौलत म्हणजे राज्याचं उत्पन्न, खासगी म्हणजे राणीच्या हातातलं. वेरूळचं घृष्णेश्वर, परळीचं वैजनाथ ही आपल्याकडची देवळं अहिल्याबाईंनी पुन्हा उभी केली, आणि अशा कामांचा खर्च खासगीतून व्हायचा, असं सांगतात. म्हणजे ‘खासगी’ या शब्दात लपवाछपवी मुळात नव्हतीच. खासगीतून बांधलेली देवळं तर भर चौकात उभी आहेत! दौलतीनं ज्याला हात लावायचा नाही, ते खासगी. प्रश्न मालकीचा.

‘गोपनीय’मधला धातू ‘गुप्’, राखणे. राखण्याजोगं ते गोपनीय. कुणी राखायचं, कुणाचं राखायचं, हे शब्द सांगत नाही. सरकारी नोकराचा पूर्वीचा ‘गोपनीय अहवाल’ घ्या : माणूस त्याचा, पण लिहिणार साहेब आणि कुलूपही साहेबाच्या कपाटाला. त्यात खासगी काय आहे?

तेव्हा मावशींचा प्रश्न बरोबर आहे. उद्या तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांना दाखवली, तरी ‘माहिती गोपनीय आहे’ असं सरकार छातीठोक म्हणू शकतं. बाहेरच्याला दिसत नाही ना, मग झालं.

उदगीरकर :
२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ‘प्रायव्हसी’वर निकाल दिला, तेव्हा मराठी पेपरांत ‘गोपनीयतेचा हक्क’ आणि ‘खासगीपणाचा हक्क’ दोन्ही वाचल्याचं आठवतं. हिंदीवाले ‘निजता’ म्हणतात. मला ‘खासगीपणा’ तेव्हा ओबडधोबड वाटला होता. वरचं वाचून मत बदललं.

‘विदा’ (म्हणजे डेटा) या शब्दाबद्दल मात्र बदलणार नाही. ‘तुमचा विदा सुरक्षित आहे’ असं म्हटलं तर आमच्याकडं लोक विचारतील, कोण निघालंय?

पाटोदेकर :
शब्दाचं ठीक, पण आमच्या बीडचं थोडं सांगू द्या. २०१९ ला ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. (‘गर्भाशय’ कुणी बोलत नाही, पिशवीच.) मग पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांना विचारलं, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खासगी दवाखान्यात हे ऑपरेशन करायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी, असा नियम आला. म्हणजे सरकारनं विचारलं नसतं तर हे उजेडात आलंच नसतं. हे मी मान्य करतो.

पण त्याच वेळी काही गावांना ‘बिनपिशवीच्या बायांचं गाव’ असं नाव पडलं. यादी कुणी फोडली नव्हती. एकाही बाईचं नाव छापलं नव्हतं. गोपनीयता पाळली गेली हो. तरी गावातल्या पोरींच्या सोयरिकीत कुजबुज झालीच ना?

दप्तरदार :
हे माझ्या मांडणीत बसत नाही, आणि म्हणूनच महत्त्वाचं आहे. इथं ना खासगी पुरं पडलं ना गोपनीय. गावाच्या अब्रूसाठी कुठला शब्द वापरायचा? मला सुचत नाही.

गोदाकाठची आशा :
मी आशा म्हणून काम करते. तुम्ही कुणीच ‘संमती’वर बोलला नाहीत. आमच्याकडं संमती म्हणजे ओटीपी. बाईला म्हणायचं, ‘‘माय, फोनवर आकडा आलाय, सांगा.’’ तिनं सांगितला की संमती झाली. पुष्कळदा फोन तिचा नसतोच. मागच्या महिन्यात एकीचा ओटीपी पुण्याला लेकाच्या फोनवर गेला. त्यानं लगेच उलटा फोन केला, ‘‘कशाचा दवाखाना गं? काय झालंय तुला?’’ तिला ते त्याला सांगायचं नव्हतं. ती माझ्याकडं बघायली अन् मी तिच्याकडं.

सरकार लांबची गोष्ट झाली. तिच्यासाठी लेकच सरकार.

उदगीरकर :
‘संमती’ आणि ‘परवानगी’ यांची गल्लत होते ती इथंच. परवानगी वरचा खालच्याला देतो. संमती मनाची असते : सम् + मती, मत जुळणं. ओटीपीत मत कुठं विचारलं?

कायद्यातही एक बारीक जागा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात (घ्या, विदा!) कलम ७ मध्ये ‘वैध वापर’ दिलेत. अनुदान, लाभ, सेवा, दाखला, परवाना द्यायचा असेल आणि केंद्रानं अधिसूचित केलेल्या एखाद्या सरकारी नोंदवहीत तुमची माहिती आधीच असेल, तर ती वापरायला नव्यानं संमती लागत नाही. कलम १७ मध्ये तर देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकारी यंत्रणेला कायद्यातूनच सूट देता येते. आभा काढणं ऐच्छिक आहे, दवाखान्यातले कागद ज्या त्या दवाखान्यात राहतात, जोडायचे तर संमती विचारतात, हे सगळं खरं. पण ‘ऐच्छिक’ हा शब्द खिडकीवर रांगेत उभं राहून उच्चारून बघा.

जालनेकर :
तुम्ही नोंदीला एवढं का भिताय? आमच्याकडं २०२३ पासून लोक आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधून थकले. निजामाच्या काळातली कागदं, १९५४ चं खासरा पत्रक, मोडीतले कागद. ‘नोंद सापडली’ म्हटलं की घरात पेढे वाटायलेत. मराठवाड्यात नोंद नसलेला माणूस मेला.

दप्तरदार :
बरोबर. म्हणून इथल्या माणसाला कुठलीही नोंद हवीशीच वाटते, आणि अंगठा पटकन पुढं येतो. पण ती नोंद शोधायला तुम्ही गेलात. इथं नोंद तुम्हाला शोधत येणार आहे. दोन्हींना ‘नोंद’च म्हणतो आपण.

अवांतर : ‘दप्तर’ फारसीतून आलं, त्याचं मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’, म्हणजे कमावलेलं कातडं. घटसर्पाचं ‘डिप्थेरिया’ हे नावही त्यातलंच, घशात कातड्यासारखा पडदा धरतो म्हणून. दप्तर आणि रोगाचं नातं जुनं आहे.

मांजराकाठ :
सगळ्यांचे आभार. ‘खासगी’ परत घालणार होतो, पण मग ती ओळ खोटी ठरेल असं वाटायलंय. आता दोन्ही शब्द काढून सरळ लिहितोय : ‘ही माहिती पुढील लोक पाहू शकतात’, आणि खाली यादी. एक शंका : ‘पाहू शकतात’ की ‘पाहतील’?

गोदाकाठची आशा :
‘पाहू शकतात’ ठेवा. आणि यादीखाली दोन ओळी कोऱ्या सोडा. नाव वाढलं तर फलक परत रंगवायला पैसे देत नाहीत.