पाणी कोणी बंद केलं?

३०२ काकू, ६:४२
पाणी नाहीये. टाकी रिकामी आहे का? सेक्रेटरी, बघा जरा.

४०२
आमच्याकडेही नाही. डोक्याला शांपू लावून उभा आहे.

सेक्रेटरी
टाकी भरलेली आहे, आत्ताच गच्चीवरून आलो.

२०२
आमच्याकडे थेंब नाही आणि समोर २०१ मध्ये धो धो. हे काय गौडबंगाल?

६०२, ६:५८
सॉरी सॉरी, मीच. रात्री किचनचा नळ टपटपत होता, झोप लागेना. वर जाऊन आमच्या डोक्यावरचा कॉक बंद केला. वाटलं तो फक्त आमचाच असेल.

३०२ काकू
डोक्यावर आहे म्हणून तुमचा?

सेक्रेटरी
तो अख्ख्या डाऊनटेकचा आहे, म्हणजे टाकीतून खाली येणाऱ्या पाइपाचा. ६०२ पासून १०२ पर्यंत सगळे त्याच्यावर. आधी उघडा.

६०२
उघडला.

१०१ काका
थांबा, लगेच सगळे नळ सोडू नका. पाइपात हवा गेली असणार. नळ फुरफुरेल आणि पहिलं पाणी गढूळ येईल. बाथरूममधला बादलीचा साधा नळ आधी हळू सोडा. सिंकच्या नळाला जाळी असते, तो आधी सोडला तर सगळा कचरा तिथेच अडकतो. आणि पाणी नीट येईपर्यंत गीझर लावू नका.

४०२
आलं. फुरफुरत आलं. केस धुतो.

६०२
काका, प्लंबर संध्याकाळशिवाय येत नाही म्हणतोय. तोवर काय करू?

१०१ काका
तोवर काय, तूच कर. सिंकखाली वाक. भिंतीतून पाइप निघतो तिथे छोटा कॉक असेल. तो अँगल कॉक. रात्री तोच बंद करायचा होता.

६०२
आहे. फिरत नाहीये.

१०१ काका
फिरणार कसा, बसवल्यापासून कोणी हात लावलाय का त्याला? क्षार धरतात आणि जाम होतो. पाना लावून जोर करू नकोस, भिंतीतला जोड तुटला तर हे पाणी झऱ्यासारखं वाहील. गंज सोडवायचा स्प्रे मार, पंधरा मिनिटं थांब, मग हाताने थोडा पुढे थोडा मागे असं कर.

६०२, ७:४०
फिरला!! पाणी बंद.

१०१ काका
शाब्बास. आता सांग, नळ किती फिरतो? दोन-तीन फेरे घेतो की पाव फेऱ्यात बंद होतो?

६०२
दोन-तीन फेरे. बंद करताना शेवटी जोर लावावा लागतो.

१०१ काका
म्हणजे जुना स्पिंडलचा नळ. स्पिंडल म्हणजे मुठीखालचा फिरणारा भाग. आत रबरी वायसर असतो, तो झिजलाय. तू जोर लावतोस म्हणून आणखी लवकर झिजतो. पाव फेऱ्याचा असता तर आत वायसर नसतो, सिरॅमिकच्या चकत्या असतात, तेव्हा आतला पूर्ण स्पिंडलच बदलावा लागतो.

५०३ ताई
काका, एक-दोन थेंबांसाठी एवढी उठाठेव?

१०१ काका
सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. नळाखाली तासभर वाटी ठेवा, मापाने मोजा, २४ ने गुणा. आपला नळ आपणच मोजावा, लोकांचे आकडे कशाला.

१०१ काका
६०२, नळ पूर्ण उघडून उरलेलं पाणी जाऊ दे. मग सिंकच्या जाळीवर फडकं टाक. हे विसरू नकोस. नंतर वरची टोपी काढ, स्क्रू काढ, मूठ वर उचल. खाली नट दिसेल, त्याला कापड गुंडाळून पाना लाव म्हणजे चकाकी खरवडणार नाही.

६०२
फडकं टाकायचं राहिलं. स्क्रू सिंकमध्ये गेला.

३०२ काकू
अरे देवा.

१०१ काका
गेला तर गेला, पाणी ओतू नकोस. खाली बाटलीसारखा गोल भाग आहे ना, बॉटल ट्रॅप. त्याखाली बादली ठेव आणि तळाची वाटी हाताने फिरवून काढ. स्क्रू तिथेच असेल. त्या वाटीत नेहमी पाणी राहतं, गटाराचा वास वर येऊ नये म्हणून.

६०२
स्क्रू मिळाला. सोबत दोन केसांच्या क्लिपा आणि एक काळा गोळा, तो काय आहे ते विचारू नका.

२०२
म्हणजे वापरात नसलेल्या बाथरूममध्ये वास येतो तो ट्रॅप कोरडा पडल्यामुळे?

१०१ काका
बहुतेक वेळा तेच. एक तांब्या पाणी ओता आणि तासाने बघा.

४०२
मी तर सिंक तुंबलं की ॲसिड ओततो, नाही गेलं तर वरून ब्लीच.

१०१ काका
४०२, दोन्ही एकत्र कधीही नाही!! क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत जीव घुसमटेल. आधी रबरी पंप वापरा, बेसिनच्या वरच्या भोकात ओलं फडकं कोंबून. भोक उघडं राहिलं तर दाब तिथूनच निघून जातो. एकदा रसायन ओतलं की मग पंप मारू नका, अंगावर उडतं.

६०२, ८:२५
[फोटो] हा वायसर. मधोमध गोल खळगा पडलाय आणि हाताला काळं लागतंय.

१०१ काका
तोच गुन्हेगार. दुकानात हाच दाखवून त्याच मापाचा घे, अंदाजाने आणू नकोस. नवा बसवण्याआधी आत बोट घालून वायसर जिथे टेकतो ती कडा चाचपून बघ. खरखरीत किंवा खाचा पडलेली असेल तर नवा वायसरही महिन्याभरात जाईल. बसवताना स्पिंडल अर्धा उघडा ठेव, नाहीतर नट आवळताना वायसर चिरडतो.

२०४ ताई
काका, मधेच विचारते. वॉशिंग मशीन लावलं की एमसीबी, तो आपोआप पडणारा विजेचा खटका, पडतो.

१०१ काका
त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा, एमसीबी पूर्ण खाली करून मग वर करा. काहीच लावलेलं नसताना पडला तर वायरिंगमध्ये दोष, इलेक्ट्रिशियन बोलवा. नसेल पडत तर एकेक वस्तू लावत जा, जिथे पडेल ती बघून घ्या.

५०३ ताई
आमच्याकडेही पडायचा. १६ अँपिअरचा काढून ३२ चा लावून दिला, तेव्हापासून शांत.

१०१ काका
ताई, तो शांत झालाय हेच वाईट आहे. एमसीबी मशीनसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. वायर तीच ठेवून ३२ चा लावला, तर वायर तापेल आणि तो बघत बसेल. आजच बदलून घ्या. वायरिंगला मीही हात लावत नाही, तिथे माणूस बोलवतो.

५०३ ताई
बापरे. फोन करते लगेच.

६०२, ९:५०
बसवला. अँगल कॉक उघडला. नळ दोन बोटांनी बंद होतोय. खाली वाटी ठेवली आहे.

३०२ काकू
तासाने सांगा. आणि गच्चीवरच्या प्रत्येक कॉकला कोणत्या फ्लॅटचा ते लिहून लावा, शिक्षा म्हणून.

६०२
लावतो काकू. वाटी कोरडी राहिली की लगेच जातो.

१०१ काका
बाकीच्यांनीही आत्ता उठून आपापले अँगल कॉक एकदा बंद-उघड करून बघा. फिरतात का ते इथे कळवा.

२०२
फिरतोय.

३०२ काकू
किचनचा फिरला, बाथरूमचा सापडलाच नाही. शोधते.

४०२
जाम. स्प्रे कोणाकडे आहे?

सेक्रेटरी
काका, माझ्या कॉकची मूठच हातात आली.

१०१ काका
पाणी चालू आहे का बंद?

सेक्रेटरी
चालू. आता बंद करता येत नाहीये.

१०१ काका
गळत नाही ना? मग राहू दे, हात लावू नका. पाना घेऊन येतो. आणि ६०२, गच्चीवर तू आहेस ना? या बाजूचा कॉक कुठला ते बघून ठेव, बंद मात्र मी सांगितल्यावरच कर.