'ऑन टेंटरहुक्स': हा हुक कुठला?

धरमपेठ_वाचक: निकालाची वाट बघणाऱ्या माणसाबद्दल इंग्रजी उताऱ्यात 'ऑन टेंटरहुक्स' आलं. क्लासच्या नोट्समध्ये 'टेंडर हुक्स' छापलंय, अर्थ नुसता 'घाबरलेला'. बरोबर काय?

ताणाबाणा: 'टेंटर'च बरोबर. शब्द लोकरी कापडाच्या धंद्यातला आहे. मागावरून उतरलेल्या कापडातलं तेल आणि मळ काढायला ते पाण्यात, मुलतानी मातीसारखी माती घालून तुडवत. त्यानं वीण दाट होते, पण कापड आटतंही. सैल वाळवलं तर कुठे जास्त आटतं, कुठे कमी, आणि सुरकुत्या कायमच्या बसतात. म्हणून उघड्या मैदानावर लाकडी चौकटी उभारत, त्या टेंटर. वरच्या आणि खालच्या दांडीत काटकोनात वाकवलेले टोकदार खिळे ओळीनं ठोकलेले असत. दोन्ही किनारी त्यांत अडकवायच्या, खालची दांडी ओढून पक्की करायची. वाळेपर्यंत कापडाला सुटका नाही. काही व्यापारी मुद्दाम जास्त ताणून माप वाढवत, पण कापड भिजलं की परत आटे. लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये 'टेंटर ग्राउंड' नावाचा रस्ता आजही आहे. मूळ लॅटिन 'तेंदेरे', म्हणजे ताणणे. मनाच्या ताणासाठी हा प्रयोग १७४८ सालच्या छापील इंग्रजीत आहे.

व्याकरण_नागपूर: नोट्समधला अर्थही तोकडा आहे, तो दुरुस्त करून घ्या. काहीतरी कळायचं बाकी आहे आणि तोवर जीव टांगणीला, असं असेल तरच हा वापरा. साप दिसला म्हणून दचकलेला माणूस 'ऑन टेंटरहुक्स' नसतो. भाषणाआधी पोटात गोळा येतो त्याला 'बटरफ्लाइज'. 'ऑन' हवंच, शब्द नेहमी अनेकवचनी. दुसऱ्याला ताटकळत ठेवलं तर 'कीप समवन ऑन टेंटरहुक्स'. 'पिन्स अँड नीडल्स'शी गल्लत होते: अमेरिकन इंग्रजीत आधी 'ऑन' आला तर हीच धाकधूक, नुसतं आलं तर हातापायाला आलेल्या मुंग्या.

धरमपेठ_वाचक: धन्यवाद जी. बुटीबोरीकडे मिलवाले 'स्टेंटर' म्हणतात, ते हेच का?

ताणाबाणा: हो, त्याच चौकटीचं यंत्र. दोन बाजूंना फिरत्या चेन, त्यांवर पिना किंवा क्लिपा. कापड किनारींना धरून गरम हवेच्या कप्प्यांतून जातं. पॉलिएस्टर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला सेट करतात, म्हणजे उष्णतेनं त्याचा आकार पक्का करतात. दोन्ही चेनचा वेग जुळला नाही तर बाणा, म्हणजे आडवे धागे, तिरका जातो, आणि शिवलेला शर्ट धुतल्यावर पिळतो.