गाणं सुटलं पण बाई सुटेनात, तुमचं काय?

कणसूर:
परवा माळा आवरताना गाण्याची वही सापडली. सांगलीला आठवी ते बारावी एका बाईंकडे शिकले, प्रवेशिका परीक्षा झाली, मग इंजिनीअरिंग, नोकरी, पोरं, गाणं सुटलं ते सुटलंच. वहीत भूप रागाचे पलटे, म्हणजे सुरांचे सराव, आणि जिथे माझा गंधार (ग) चढायचा तिथे बाईंनी लाल पेनाने केलेला गोल. बाई काय करायच्या, पेटीवर काळी पाचचा, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीचा सा द्यायच्या आणि मध्येच भाता सोडायच्या. पेटी गप्प, आपण एकटे. थोड्या वेळाने परत तोच सूर वाजवायच्या की आपोआप कळायचं आपण किती उतरलोय ते. रागवायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या, ते जास्त लागायचं.
आता मिक्सर लावला की त्या घरघरीत मी सा शोधते आणि वर पंचम (प) लावते, मुलगी म्हणते आई प्लीज. सोसायटीच्या गणपतीत आरती चढत चढत जाते तेव्हा तर खरंच त्रास होतो. तुमच्यात काय उरलंय?

सातमात्रा:
माझा तबला. सरांनी पहिले दोन महिने तबल्याला हातच लावू दिला नाही, नुसतं हातावर टाळी आणि ‘खाली’ (टाळी न देता हात उघडायचा ती जागा) देत बोल म्हणायचे. सात मात्रांच्या रूपक तालाची सम, म्हणजे पहिली मात्रा, टाळीवर नाही तर ‘खाली’वर येते हे माझ्या डोक्यात शिरेना, तर क्लास सुटल्यावर सर सायकल हातात धरून चालत यायचे आणि पावलागणिक ती ती ना धी ना धी ना. मागच्या वर्षी एमआरआय काढला, आत जाम घाबरलो होतो, त्या मशीनच्या ठकठकीवर आपोआप रूपक सुरू झाला आणि वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही.

मिरजकर:
आमच्याकडे तर ही साखळीच आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ ला गेले, अजूनही उरुसात त्यांच्या आठवणीत मिरजेच्या दर्ग्यात गाणं होतं. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे भीमसेन जोशी, आणि भीमसेनजींनी गुरू गेल्यावर १९५३ पासून पुण्यात जो महोत्सव सुरू केला तो गुरूंच्याच नावाने. पोस्टरवर स्वतःचं नाव मोठं करायला काय अवघड होतं त्यांना? लोक नुसतं ‘सवाईला जातोय’ म्हणतात, त्यातल्या निम्म्यांनी सवाई गंधर्वांचं एक रेकॉर्डिंग ऐकलेलं नसेल, पण नाव तोंडात आहेच ना.

मागची_रांग:
सगळ्यांचं गोड नसतं हो. पाचवीत स्वागतगीताला आमचे संगीताचे सर म्हणाले, तू मागे उभी राहा आणि नुसते ओठ हलव. सगळ्यांसमोर. आज त्रेचाळीस वय आहे, बारशाला पाळणा म्हणायची वेळ आली की मी चहा बघायच्या निमित्ताने आत जाते. स्वतःच्या मुलाला पण अंगाई मोबाईलवरच लावली. हे पण उरलेलंच आहे.

कणसूर:
@मागची_रांग वाचून गलबललं. पाचवीतल्या पोरीला कुठला सूर दिला होता ते तरी बघितलं का त्यांनी? बहुतेक पट्टीच चुकली असणार. घरी कुणी नसताना मिक्सर लावून बघा, खरंच सांगते.

मागची_रांग:
लावला. माझा मिक्सर फार वरच्या पट्टीत आहे. पंखा जमला.